कँटरची कुरकुर

1705 च्या हिवाळ्याच्या तोंडावर वीस वर्षांचा बाख आर्नश्टाटहून निघून चारशे किलोमीटर चालत ल्युबेकला गेला, चार आठवड्यांची रजा काढून चारेक महिने तिथेच रमला आणि परतल्यावर धर्ममंडळापुढे त्याची झडती झाली, ही कथा पाश्चात्त्य संगीताची थोडीफार गोडी असलेल्या प्रत्येकाच्या कानावर आलेली असते. मीही ल्युबेकपर्यंत पोचलो तो बाखचं बोट धरूनच. पण पुढे त्याचं बोट सुटलं आणि एका भलत्याच माणसाने मला धरून ठेवलं. हा माणूस बाखइतका मोठा नाही, त्याची एकही रचना मी ऐकलेली नाही, आणि त्याचा स्वभाव, त्याच्याच लिखाणावरून पाहिलं तर, सदा किरकिरा. त्याचं नाव कास्पर रुएत्स.

रुएत्स 1708 साली विस्मारला जन्मला. 1737 मध्ये ल्युबेकचा कँटर झाला आणि 1755 मध्ये वारला. कँटर म्हणजे लॅटिन शाळेत मुलांना शिकवायचं आणि त्याच मुलांचा गायनवृंद उभा करून उपासनेचं संगीत सांभाळायचं, असं दुहेरी काम. चर्चचं संगीत म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असं म्हणणारे लोक त्या काळी वाढत चालले होते. त्यांना उत्तर म्हणून रुएत्सने काही पुस्तिका छापल्या. त्यांतल्या 1752 आणि 1753 च्या दोन पुस्तिकांनी त्याला अमर केलं, आणि तेही त्याला अजिबात आवडलं नसतं अशा कारणाने. ल्युबेकच्या सेंट मेरी चर्चमधल्या ‘आबेन्डम्यूझिक’ या सायंकाळच्या मैफलींबद्दल आज जे काही सांगितलं जातं, त्यातला मोठा भाग या कुरकुऱ्या कँटरच्या तोंडचा आहे.

या मैफली सुरू कशा झाल्या? रुएत्स सांगतो ते असं. पूर्वी शहरातले नागरिक बाजारपेठेच्या सौद्यांना जाण्याआधी सेंट मेरीमध्ये जमत. चर्च बाजाराला अगदी लागून, आणि चर्च कसलं, विटांचा डोंगरच: मधल्या दालनाचं छत 38 मीटरांहून उंच, वर सव्वाशे मीटरांचे दोन मनोरे. जमलेल्या मंडळींचा वेळ जावा आणि आपलंही नाव व्हावं म्हणून ऑर्गनवादक त्यांना काही वाजवून दाखवी. ते लोकांना आवडलं. पैसेवाल्या रसिकांनी त्याच्या हातावर बक्षिशी ठेवली. मग त्याने जोडीला व्हायोलिनं घेतली, मग गायक घेतले, आणि करता करता त्याचा मोठा सोहळा झाला. हा ऑर्गनवादक म्हणजे 1641 पासून त्या जागेवर असलेला फ्रान्झ टुंडर, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.

या हकिकतीत भक्तीचा उल्लेख जवळपास नाहीच, आणि म्हणूनच ती मला खरी वाटते. कुणीतरी मागाहून रचली असती, तर त्यात ल्यूथरचा संगीतप्रेमी आत्मा हमखास आला असता. इथे आहेत ते सौद्याची वेळ होईपर्यंत ताटकळणारे व्यापारी आणि त्यांच्या खिशाकडे डोळा ठेवून वाजवणारा वादक. शेजारच्या हॉलंडमध्येही असाच प्रकार होता. कॅल्व्हिनपंथीयांना उपासनेत ऑर्गन नको होता, पण ऑर्गन शहराच्या मालकीचे. म्हणून नगरपालिकेचे पगारी वादक उपासनेच्या वेळेबाहेर लोकांसाठी वाजवत.

रुएत्स एका नव्वदीच्या म्हाताऱ्याचाही दाखला देतो. आपल्या लहानपणी या मैफली रविवारी नसून गुरुवारी होत, असं म्हाताऱ्याला आठवत होतं. पुस्तिका 1752 ची. त्याच सुमाराला म्हातारा बोलला असेल, तर त्याचा जन्म 1662 च्या आसपासचा. म्हणजे मैफली गुरुवारवरून रविवारी सरकल्या तेव्हा तो अजून पोरच होता. तारखा जुळतात. किरकिरा असला तरी रुएत्स पुराव्याशी प्रामाणिक आहे.

वार बदलला तो डीट्रिख बुक्स्टेहूडेने, ज्याला ऐकायला बाख इतकं चालून आला होता. टुंडर 1667 मध्ये गेला, एप्रिल 1668 मध्ये बुक्स्टेहूडेची नेमणूक झाली आणि ऑगस्टमध्ये त्याने टुंडरच्या मुलीशी लग्न केलं. पुढे त्याच्या जागेवर येणाऱ्याने त्याच्या थोरल्या मुलीशी लग्न करावं ही अट ऐकून 1703 मध्ये हेंडेल आणि मॅटेसन हे दोघे तरुण उमेदवार काढता पाय घेतात, हा किस्सा संगीताच्या पुस्तकांत चवीने सांगितला जातो. त्यातला खिदळण्याचा सूर मला खटकतो. निवृत्तिवेतन नसलेल्या त्या व्यवस्थेत म्हाताऱ्या वादकाच्या कुटुंबाची सोय लावण्याचा तो एक रूढ मार्ग होता. खुद्द रुएत्सचा सासराही त्याच्या आधीचा कँटर सिव्हर्सच होता. त्यावर कुणी हसत नाही.

बुक्स्टेहूडेने मैफलींसाठी वर्षातले पाच रविवार ठरवून टाकले: ट्रिनिटी पर्वाचे शेवटचे दोन, आणि नाताळआधीच्या अ‍ॅडव्हेंटमधले दुसरा, तिसरा आणि चौथा. दुपारची उपासना आटोपल्यावर चार ते पाच ही वेळ. 1669 मध्ये त्याने मोठ्या ऑर्गनच्या आजूबाजूला दोन नवे सज्जे बांधून घेतले. आधीचे चार धरून सहा सज्ज्यांवर चाळीसेक गायक-वादक मावू लागले. याच 1669 साली, याच शहरात, हान्सा या व्यापारी शहरांच्या संघाची शेवटची सभा भरली आणि मोजक्याच शहरांचे प्रतिनिधी आले. शतकानुशतकं बाल्टिकचा व्यापार मुठीत ठेवणारं शहर उतरणीला लागलं होतं, आणि नेमक्या त्याच वर्षी त्याचा ऑर्गनवादक सज्जे वाढवत होता. याला दूरदृष्टीचा अभाव म्हणा किंवा जिद्द. मी जिद्दच म्हणेन.

पैशाची व्यवस्था मला फार ओळखीची वाटली. ऐकायला तिकीट नव्हतं, कुणीही यावं. खर्च उचलायचा व्यापाऱ्यांनी, तोही राजीखुशीने. मैफलीची संहिता छापून घ्यायची, नववर्षाच्या सुमाराला ती धनिकांच्या घरी पोचती करायची आणि जे देतील ते घ्यायचं. आपल्याकडे गणपती मंडळाचा खजिनदार पावतीपुस्तक घेऊन दुकानादुकानांत फिरतो, त्यातलाच हा प्रकार, आणि नाराजीही तशीच. गेल्या वर्षी इतके दिलेत, यंदा हात आखडता का? बुक्स्टेहूडेने व्यापारी संघांना लिहिलेली पत्रं शिल्लक आहेत. त्यांत आर्जव आहे, तक्रार आहे आणि चतुराईही आहे: असा उपक्रम दुसऱ्या कुठल्याच शहरात होत नाही, हे तो त्यांना आवर्जून ऐकवतो. व्यापाऱ्याला काय टोचतं, ते त्याला नेमकं कळलं होतं. ऑर्गन वाजवण्याबरोबरच चर्चचा जमाखर्च ठेवण्याचं कामही त्याच्याकडेच असल्यामुळे हिशेबाच्या वहीशी त्याचा रोजचा संबंध होता.

या साऱ्याचा कळस 2 आणि 3 डिसेंबर 1705 ला झाला. सम्राट लिओपोल्ड वारला होता, योझेफ गादीवर आला होता. पहिल्या संध्याकाळी शोक, दुसऱ्या संध्याकाळी जयजयकार. दोन्ही संहिता उपलब्ध आहेत. त्यांतल्या सूचनांवरून ऑर्गन आणि सज्जे कसे सजवले होते ते कळतं, आणि जयजयकाराच्या कार्यक्रमात पंचवीस व्हायोलिनं एकसुरात वाजणार होती, हेही कळतं. एका चर्चमध्ये पंचवीस व्हायोलिनं म्हणजे त्या काळी केवढी चैन! बाख तेव्हा बहुतेक शहरातच होता. त्या पंचविसांत तोही असावा, अशी हौशी चरित्रकारांची कल्पना आहे. तिला कागदाचा आधार नाही, आणि मला तिची गरजही वाटत नाही.

इथवरचं चित्र सुंदर दिसतं: मेणबत्त्या, कर्णे, विनामूल्य संगीत, शहर लोटलेलं. आता रुएत्स काय म्हणतो ते पाहा.

तो म्हणतो, ऋतू वाईट निवडला आहे. तीन तास थंडीत काढल्यावर चौथा तासही थंडीतच काढायचा. (चर्च तापवण्याची सोय नव्हती आणि डिसेंबरात ल्युबेकला चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, हे ध्यानात घेतलं की तक्रारीला वजन येतं.) वर उनाड पोरांचा भयंकर गोंगाट. गायनवृंदाच्या मागच्या बाजूला त्यांची बेफाम पळापळ आणि धिंगाणा. संगीतातून जो काही आनंद मिळायचा, तो या गोंधळात जवळपास नाहीसाच होतो. आणि काळोख आणि अपुऱ्या उजेडाच्या आडोशाने जी पापं घडतात, त्यांबद्दल तर बोलायलाच नको, असं तो म्हणतो.

संगीताच्या इतिहासात श्रोत्यांचं इतकं जिवंत वर्णन मला फार थोड्या ठिकाणी सापडलं. राजदरबारातल्या मैफलींबद्दल ढीगभर कागद आहेत, पण तिथे ऐकणारे सगळे सभ्य आणि निःशब्द. इथे खांबांच्या मागे पळणारी पोरं आहेत, अंधारात बिलगलेली जोडपी आहेत, बोटं आखडलेला वादक आहे. बुक्स्टेहूडेच्या काळातही गर्दी आवरायला शहराचे शिपाई आणावे लागल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे रुएत्सची तक्रार नवी नव्हती. त्याने ती फक्त छापली. सगळ्या शहराला फुकट बोलावलं की सगळं शहर येतं. त्यात पोरं आलीच.

पण रुएत्सला साक्षीदार म्हणून उभं करताना त्याचा हेतू तपासायलाच हवा. आबेन्डम्यूझिक ही कँटरची नव्हे, ऑर्गनवादकाची मिरास. उपासनेचं रोजचं संगीत कँटरने ओढायचं, शाळेच्या खोडकर मुलांना सूर लावायला शिकवायचं, तुटपुंज्या पैशांत वादक गोळा करायचे. आणि वर्षातल्या पाच संध्याकाळी ऑर्गनवादकाने व्यापाऱ्यांच्या पैशांवर कर्णे-नगारे वाजवून शहराची वाहवा लुटायची. रुएत्सच्या वेळी त्या जागेवर योहान पाउल कुन्त्सेन होता, काळाबरोबर चालणारा आणि ऑपेराच्या वळणाची नाट्यमय संगीतकं रचणारा. रुएत्सच्या थंडीच्या तक्रारीत मला या हेव्याची झुळूक जाणवते. म्हणून त्याची तक्रार खोटी ठरत नाही. हेव्याने माणसाची नजर उलट तीक्ष्ण होते. खूश श्रोत्याने पोरांकडे लक्षच दिलं नसतं.

आता दुसरी पुस्तिका, 1753 ची. या पानांशी मी पुन्हा पुन्हा येतो. आधीच्या कँटरांनी जमवलेल्या संगीताच्या हस्तलिखितांचा मोठा ढीग रुएत्सला वारशाने मिळाला होता. त्यात त्याच्या सासऱ्याचेही कागद होते. त्यातलं फार थोडं आपल्याला उपयोगी पडलं, असं तो सांगतो. बाकीच्याचं काय केलं, तर निम्मा ढीग संपला: काही कागद शेगडी पेटवायला ढलप्यांऐवजी गेले, काही घरकामाला लागले, काही दुकानात रद्दी वापरणाऱ्या लोकांना देऊन टाकले. जुन्या संगीताइतकी निरुपयोगी वस्तू नाही, त्याला कुणी दमडी देत नाही, असा त्याचा निर्वाळा. लाज नाही, खंत नाही. उलट हा मुद्दा तो युक्तिवाद म्हणून वापरतो: संगीताची अभिरुची सतत बदलते, म्हणून नव्या रचनांसाठी खर्च करावाच लागतो.

वाचताना आधी संताप येतो. मग लक्षात येतं की याच माणसाने आपल्याला व्यापाऱ्यांची हकिकत दिली, म्हाताऱ्याची आठवण टिपून ठेवली, थंडी आणि गोंगाट दिला. कागद जाळणारा आणि इतिहास लिहिणारा हात एकच. आणि त्याच्या पिढीतल्या कुठल्याही कँटरला विचारलं असतं, तरी बहुधा हेच उत्तर मिळालं असतं. त्याने ते मोकळेपणी सांगितलं, एवढंच. बुक्स्टेहूडेच्या मैफलींचं संगीत नेमकं त्याच शेगडीत गेलं, असं मात्र म्हणता येत नाही. ते कागद ऑर्गनवादकाच्या ताब्यातले. पण तेही वाचले नाहीत. 1705 च्या त्या दोन संध्याकाळींचा एक सूरही उरलेला नाही.

बुक्स्टेहूडेचं जे गायनसंगीत आज ऐकायला मिळतं, त्यातलं बरंचसं ल्युबेकमुळे नव्हे, स्वीडनमुळे. स्टॉकहोमच्या दरबारचा संगीतप्रमुख गुस्ताफ ड्यूबेन त्याचा मित्र. तो सतत नकला उतरवून घेई, मागवून घेई. त्याच्या मुलाने 1732 मध्ये तो सगळा संग्रह उप्सालाच्या विद्यापीठाला दिला आणि तिथे तो दीडशे वर्षं निवांत पडून राहिला. म्हणजे रुएत्स शेगडी पेटवत होता, तेव्हा बाल्टिकपलीकडे हे कागद कपाटात सुखरूप होते.

मैफलींचं पुढचं थोडक्यात सांगतो. बुक्स्टेहूडेनंतर त्याचा जावई शीफरडेकर, मग कुन्त्सेन बापलेक, मग क्योनिग्सलोव. 1806 मध्ये फ्रेंच फौजा शहरात घुसल्या, व्यापार बसला, वर्गणी आटली आणि 1810 ची आबेन्डम्यूझिक शेवटची ठरली. विसाव्या शतकात त्या नावाने मैफली पुन्हा सुरू झाल्या. 28 मार्च 1942 च्या रात्री ब्रिटिश विमानांनी शहर पेटवलं, त्यात मोठा ऑर्गनही जळाला आणि बाखच्याही आधीपासून उभा असलेला छोटा ‘मृत्युनृत्य’ ऑर्गनही. मनोऱ्यातून कोसळून फुटलेल्या घंटा आजही तशाच जमिनीवर ठेवल्या आहेत. युद्धानंतर मोठा ऑर्गन नव्याने बसला तो 1968 मध्ये, 101 स्टॉप्सचा, म्हणजे नळ्यांच्या स्वरसंचांचा.

उप्सालाच्या संग्रहात मात्र एक भानगड निघाली. तिथे एका मोठ्या तीन अंकी संगीतकाचे सुटे भाग होते, रचनाकाराच्या नावाशिवाय. विली माक्स्टोन या संशोधकाने ते बुक्स्टेहूडेचंच, आणि आबेन्डम्यूझिकसाठीच रचलेलं, असं ठरवून 1939 मध्ये ‘अंतिम न्याय’ अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध केलं. तेव्हापासून वाद चालू आहे. शैली त्याची वाटत नाही, असं काहींचं मत. बुक्स्टेहूडेचं प्रमाण मानलं जाणारं चरित्र लिहिणाऱ्या केराला स्नायडर ते त्याचंच असल्याच्या बाजूने आहेत. माझं मत त्यांच्याच पारड्यात, आणि कारण संगीतापेक्षा संहितेत आहे. तिच्या आरंभी लोभ, गर्व आणि उच्छृंखलपणा ही तीन पात्रं, माणसांना सगळ्यांत जास्त कुणी बिघडवलं यावरून आपसांत भांडतात. चर्चमध्ये बाजारपेठेतले सगळे बडे लोक बसलेले, सज्ज्यावरून लोभ आपली थोरवी गातोय, आणि दोनतीन आठवड्यांनी त्याच लोकांच्या दारी छापील संहिता घेऊन जायचं, वर्गणी मागायला. हे धाडस वर्षानुवर्षं त्यांच्याकडून पैसे काढणाऱ्या माणसालाच जमावं.