पावसाळा आणि घराची दारे

घर बांधावयाचे ठरले म्हणजे पाया, भिंती व छप्पर यांविषयी वडीलमंडळी महिनोन्महिने खल करतात. दारांचा विचार मात्र बहुधा अगदी अखेरीस, पैसा आणि उत्साह ही दोन्ही संपत आल्यावर केला जातो. आमच्या हातून हीच चूक घडली. तीतून जे शिकावयास मिळाले ते तुमच्यापुढे मांडावे, म्हणून हा लेख.

डोलवीस आम्ही लहानसे पक्के घर बांधले. जुन्या घरी न्हाणी परसात होती आणि तिचे दार म्हणजे गोणपाटाचा पडदा. नव्या घरात न्हाणीघर आत आले आणि त्यास दाराची गरज पडली. दुकानी जाऊन आम्ही एक गुळगुळीत, चकचकीत प्लायवुडचे दार पसंत केले. "पाण्याने बिघडणार नाही ना?" असे आम्ही विचारले. "वॉटरप्रूफ आहे," असे उत्तर मिळाले, आणि तेवढ्यावर आमची परीक्षा आटोपली. फरशी बसल्यावर दार खाली घासू लागले, तेव्हा सुताराने ते अर्धा इंच कापून दिले. कापलेली कड रंगवावी, हे कोणाच्याच मनात आले नाही. कारण ती कोणास दिसत नव्हती.

दुसऱ्या पावसाळ्यात श्रावणातील एका सकाळी आमच्या वृद्ध मातोश्री न्हाणीघरात गेल्या. दार फुगून चौकटीत असे रुतले की, त्यांस ते आतून ओढवेना. आम्ही शाळेत होतो. बाहेर पाऊस कोसळत होता. तांब्याने दार वाजवून वाजवून त्या थकल्या. तासाभराने शेजारच्या मुलाच्या कानी तो आवाज गेला आणि त्याने खांदा लावून दार उघडले. मातोश्री ओल्या वस्त्रांनिशी गारठून गेल्या होत्या. पुढे आठ दिवस त्या तापाने आजारी होत्या. त्या बऱ्या झाल्या खऱ्या, पण तेव्हापासून त्या दाराची कडी लावीनाशा झाल्या. ते दार उतरवून पाहिले, तो खालच्या अंगाला वीतभर उंचीपर्यंत त्याचे थर भिजलेल्या वहीच्या पानांसारखे सुटलेले दिसले.

असे का व्हावे? लाकूड हे मूळचे झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांचे बनलेले असते. झाड तोडले तरी त्या नळ्यांचा गुण जात नाही. हवा दमट झाली की लाकूड ओल शोषते, हवा कोरडी झाली की ते ओल सोडते. हवेची सापेक्ष आर्द्रता शेकडा ६५ असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या शेकडा सुमारे १२ भाग ओल राहते. आर्द्रता ९० झाली म्हणजे ती सुमारे २० पर्यंत चढते. कोकणातला चैत्र आणि कोकणातला आषाढ यांत साधारण एवढेच अंतर आहे. ही ओल वाढते तशी फळी रुंदीस फुगते; लांबीस ती जवळजवळ फुगतच नाही. पाऊण मीटर रुंदीचे फळ्यांचे दार शेकडा दोन भागच फुगले असे धरा, तरी ती वाढ १५ मिलिमीटर होते. सुतार दाराभोवती फट सोडतो ती ३ मिलिमीटरांची! जुने सुतार हे जाणून होते. म्हणून ते भरीव फळीचे दार न करता सागाची चौकट करीत आणि तिच्या खाचांत पातळ फळ्या सैल बसवीत; फुगावयाचे ते खाचेतल्या खाचेत फुगे.

प्लायवुडची युक्ती याहून निराळी आहे. ओंडका यंत्रावर फिरवून त्याचे पातळ पापुद्रे काढतात, आणि एकाचे तंतू उभे तर दुसऱ्याचे आडवे असे ते एकमेकांवर चिकटवितात. थरांची संख्या नेहमी विषम ठेवतात. त्यामुळे दोन्ही अंगांचा ताण समतोल राहतो. एक थर रुंदीस फुगू पाहतो, तर शेजारचा आडवा थर त्यास धरून ठेवतो. युक्ती उत्तम आहे. परंतु ती सर्वस्वी सरसावर अवलंबून आहे. सरस सुटला की धरणारा कोणी उरत नाही.

सरसाचे मुख्य प्रकार दोन. युरिया फॉर्माल्डिहाइडचा सरस स्वस्त व फिकट रंगाचा असतो. तो थोडीफार दमट हवा सोसतो, पण सततचे पाणी सोसत नाही. फिनॉल फॉर्माल्डिहाइडचा सरस गडद तांबूस असतो. लिओ बेकलँड यांनी १९०७ साली जे बेकेलाइट सिद्ध केले, त्याच कुळातील ही राळ आहे. जुन्या घरांतील विजेची काळी बटणे पुष्कळांनी पाहिली असतील, ती बेकेलाइटची. मात्र केवळ रंगावरून निवाडा करू नये, कारण सरसात रंग मिसळताही येतो. खरा निवाडा परीक्षेने होतो. भारतीय मानकांत ७१० हा अंक मरीन प्लायवुडचा आहे. त्याच्या सांध्यांची परीक्षा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून घेतात. ३०३ हा अंक सर्वसाधारण कामाच्या प्लायवुडचा आहे. भरीव गाभ्याच्या तयार लाकडी दारास, म्हणजे फ्लश दारास, २२०२ हा अंक आहे. तेव्हा प्लायवुडचा तक्ता घेताना ७१० विचारावा आणि तयार दार घेताना २२०२ विचारावा. दारावर मानक चिन्ह व परवाना क्रमांक छापलेला आहे की नाही, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. तो क्रमांक खरा की खोटा हे भारतीय मानक ब्यूरोच्या भ्रमणध्वनीवरील 'बीआयएस केअर' या साधनावर पडताळता येते. नुसत्या 'वॉटरप्रूफ' ह्या शब्दाला कसलाही आधार नाही.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी. हे चिन्ह आहे म्हणजे लाकूड पाणी पिणारच नाही, असे समजू नये. सरस पाण्यात टिकेल. पण त्या थरांतील लाकूड पाणी पीतच राहील, फुगेल, आणि ओल हटली नाही तर कुजेलही. दुसऱ्या महायुद्धातील एक उदाहरण या जागी आठवते. 'मॉस्किटो' नावाचे ब्रिटिश विमान मुख्यत्वे बर्चच्या प्लायवुडचे व बाल्सा लाकडाचे बनविलेले होते. १९४४ साली भारतात त्यांपैकी काही विमानांना अपघात झाले, तेव्हा प्रथम ठपका येथल्या उष्ण, दमट हवेवर व सरसावर आला. पुढील तपासात मात्र सांधे नीट न जुळविता केलेली सदोष बांधणी हे कारण पुढे आले. माल कोणता, हा प्रश्न मोठा खरा. पण तो कसा बसविला, हा प्रश्न त्याहून लहान नाही.

आमच्या खारेपाटातील मुलांना हे समजावून सांगण्याची फारशी जरूर नाही. खाडीचा बांध भरतीच्या लाटेसमोर छाती काढून उभा असतो, तो सहसा समोरून फुटत नाही. कुर्ल्यांनी पाडलेल्या एखाद्या भोकातून पाणी झिरपू लागते, ते भोक वेळीच बुजविले नाही की खांड पडते आणि सारे शेत खारट होते. दाराचेही तसेच आहे. समोरच्या चकचकीत अंगातून पाणी क्वचितच शिरते. ते शिरते खालच्या कडेतून, वरच्या कडेतून, कुलपासाठी पाडलेल्या भोकातून आणि बिजागरीच्या खाचेतून. कारण तेथे तंतूंची तोंडे उघडी पडलेली असतात. लाकडाच्या एका पट्टीचे टोक शाईच्या पाण्यात बुडवून ठेवा व दुसऱ्या पट्टीचा सपाट भाग बुडवा. शाई कोठून अधिक चढते ते तुमचे तुम्हांसच दिसेल.

तेव्हा दार बसविण्याची रीत येणेप्रमाणे ठेवावी. काम होता होईल तो फाल्गुन-चैत्रात उरकावे. ज्येष्ठाची सर येऊन गेल्यावर रंगविलेले दार आपल्या पोटात ओल कोंडून घेते. आणलेले दार प्रथम काही दिवस घरातच आडवे, सपाट ठेवावे. फरशी बसल्यावर माप घेऊन जे कापावयाचे ते कापावे, भोके व खाचा पाडून घ्याव्यात, आणि मगच रंगाचे काम हाती घ्यावे. दाराला दोन अंगे नसून सहा अंगे आहेत, हे रंगाऱ्यास आधीच बजवावे. चारही कडा, सर्व भोके व खाचा यांस पातळ अस्तराचे दोन हात द्यावेत, उणीव लांबीने भरावी, आणि त्यावर तैलरंग किंवा पॉलियुरेथेनचे वॉर्निश चढवावे. एका अंगास सनमायका लावावयाचा असेल तर दुसऱ्या अंगासही लावावा. नाही तर दोन बाजूंची ओल विषम होऊन दार वाकते. पुढे कधी दार घासते म्हणून रंधा मारावा लागला, तर त्याच दिवशी त्या कडेस पुन्हा रंग द्यावा.

न्हाणीघराच्या दाराखाली बोटभर फट असू द्यावी व उंबरठा दगडाचा करावा. खाऱ्या हवेत लोखंडी बिजागऱ्या व खिळे गंजतात आणि तो गंज लाकूड फोडतो. तेथे पितळेचे किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे सामान वापरावे. बाहेरच्या दारावर झड येत असेल तर रंगापेक्षा छज्जा अधिक उपयोगी. आमचे वाडवडील पावसाळ्यापूर्वी ओट्यासमोर नारळीच्या झापांचा आडोसा उभारीत. पाणी दारापर्यंत येऊच द्यावयाचे नाही, हे शास्त्र त्यांस ठाऊक होते. आणि ज्या दारावर रोज तांब्याने पाणी उडणार, तेथे लाकडाचा हट्टच सोडावा. पीव्हीसीचे किंवा ॲल्युमिनियमचे दार दिसावयास साधे असेल, परंतु ते पाणी पिऊन फुगत नाही.

वाळवीविषयी दोन शब्द. लाकूड विषारी क्षारांनी भारावे ही विद्या आपल्या देशात चांगली विकसित झाली. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांचे मिश्रण सिद्ध केले आणि ते जगभर वापरले गेले. आर्सेनिकच्या धोक्यामुळे घरगुती कामात आता बोरॅक्स व बोरिक ॲसिड यांस पसंती मिळते. पण हे क्षार पाण्याने धुऊन निघतात. म्हणजे वाळवीपासून रक्षण हवे असेल तरीही कडा बंद ठेवणे भागच आहे.

इतके करूनही एखादे वर्ष असे येते की पाणी घरातच शिरते. २६ जुलै २००५ चा पाऊस रायगड जिल्ह्यात कोण विसरेल? पुरात भिजलेले दार घाईने उन्हात टाकू नये, ते तडकते व पिळवटते. गोड्या पाण्याने चिखल व खार धुऊन काढावा, सावलीत सपाट ठेवून सावकाश वाळवावे, आणि पूर्ण सुकल्यावर घासून पुन्हा रंगवावे.

आमच्या न्हाणीघरास आता पीव्हीसीचे दार आहे. स्वयंपाकघरास मात्र आम्ही प्लायवुडचेच दार बसविले आणि त्याच्या सहाही अंगांस आमच्या हाताने रंग दिला. वरच्या कडेचे काम चालले असता शेजारचा तोच मुलगा म्हणाला, "गुरुजी, ती कड कोण बघणार आहे?" आम्ही म्हणालो, "बाळा, माणसे बघत नाहीत हे खरे. पाणी मात्र बघते." मित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी सुतार होईल, कोणी इंजिनियर, कोणी घरधनी. न दिसणाऱ्या जागी केलेले काम दुसऱ्या कोणाच्या तरी म्हाताऱ्या आईच्या उपयोगी पडते, एवढे स्मरणात ठेवावे. मातोश्री आता पुन्हा कडी लावू लागल्या आहेत, हे लिहून आम्ही लेख पुरा करतो.