स्वेटर आत, रेनकोट बाहेर

डिसेंबर उजाडला की निफाडचे नाव वर्तमानपत्रांत हमखास येते. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर उतरला की त्याची बातमी होते आणि सोबत द्राक्षबागांमध्ये पेटवलेल्या शेकोट्यांचे फोटो झळकतात. हा आकडा खरा असतो, पण तो उन्हापासून आडोसा केलेल्या पेटीतल्या तापमापकावरचा, म्हणजे नुसत्या हवेचा. त्याच पहाटे मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून निघालेला दूधवाला, पेपरांचे गठ्ठे घेऊन धावणारा मुलगा, पहिल्या पाळीसाठी सिन्नर किंवा सातपूरकडे निघालेला कामगार यांच्या वाट्याला येणारी थंडी वेगळी असते, कारण हवा जागची हलत नसली तरी हे स्वतःचा वारा स्वतः तयार करत जातात. ताशी 50 किलोमीटर वेगाने गाडी चालवणे म्हणजे तेवढ्या वेगाच्या वाऱ्यात छाती पुढे काढून बसणे. असा वारा अंगणात सुटला तर आपण दारेखिडक्या लावून घेऊ. गाडीवर मात्र आणखी एक स्वेटर चढवतो आणि तरी हुडहुडी का भरते म्हणून नवल करतो. मोटरसायकलवरची थंडी हा मुख्यतः वाऱ्याचा प्रश्न आहे आणि आपण त्यावर लोकरीचे उत्तर शोधत बसलो आहोत.

वारा माणसाला किती गार करतो याचे पहिले पद्धतशीर मोजमाप अंटार्क्टिकात झाले. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसल या दोन अमेरिकन संशोधकांनी प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते उघड्यावर टांगले आणि वेगवेगळ्या वाऱ्यात ते गोठायला किती वेळ लागतो हे टिपले. 1945 मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे 2001 मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या हवामान खात्यांनी माणसांच्या चेहऱ्यांवर केलेल्या चाचण्यांच्या आधारे नवे सूत्र स्वीकारले. त्या सूत्रात पाच अंश तापमान आणि ताशी 60 किलोमीटर वारा घातला, तर उघड्या त्वचेला जाणवणारी थंडी उणे दोन अंशांच्या आसपास निघते. याचा अर्थ पेट्रोलची टाकी उणे दोनला जाते असा नव्हे. वाऱ्यामुळे निर्जीव वस्तू हवेपेक्षा गार होत नाही. वारा फक्त उष्णता लवकर पळवतो, आणि सतत उष्णता तयार करणाऱ्या शरीराला तेच महागात पडते. शिवाय हे सूत्र जमिनीपासून दहा मीटर उंचीवरच्या वाऱ्याचा वेग धरते आणि चेहऱ्यापाशी तो कमी असणार असे मानून चालते. दुचाकीस्वाराला ही सवलत नाही, त्याच्या तोंडावर वारा पूर्ण वेगानेच आदळतो.

आता कपड्यांचे पाहू. कोणताही कपडा स्वतःहून ऊब देत नाही. धाग्यांच्या आत अडकलेली स्थिर हवा ऊब देते, कारण स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश बाहेर जाते. विणलेल्या स्वेटरमध्ये अशी हवा भरपूर असते, म्हणून घरात किंवा ओट्यावर तो उत्तम काम करतो. पण त्याच्या टाक्या-टाक्यांमध्ये भोके असतात. गाडीवर वारा त्या भोकांतून शिरतो आणि आतली कोमट हवा धुऊन नेतो. मग एकाचे दोन स्वेटर करा, दुसऱ्यालाही भोके आहेतच. धनगराची घोंगडी इथे शहाणी ठरते, कारण तिची वीण दाट असते आणि माळावरचा वारा तिच्यातून सहजासहजी आत येत नाही. वर्तमानपत्राच्या घडीचेही तसेच. छातीवर शर्टाच्या आत पेपर सरकवणाऱ्या माणसाला लोक हसतात, पण तूर द फ्रान्ससारख्या अत्यंत कठीण सायकल शर्यतीतले खेळाडूही आल्प्सचे घाट उतरण्यापूर्वी जर्सीत वर्तमानपत्र कोंबत आले आहेत. कागद वारा अडवतो आणि त्याच्यामागे हवा स्थिर राहते. याहून चांगली वस्तू बहुतेक मराठी घरांत आधीच आहे: दसरा-दिवाळीला घडी घालून माळ्यावर टाकलेला पावसाळी रेनकोट. पाणी आत न येऊ देणारे कापड वाराही आत येऊ देत नाही. आत एक साधा स्वेटर आणि बाहेर रेनकोट ही जोडी दोन जाड स्वेटरांपेक्षा नक्की जास्त ऊब देते, आणि तिला नवा खर्च लागत नाही.

रेनकोटात घाम येतो, अंग ओले होते आणि मग जास्तच थंडी वाजते, हा आक्षेप योग्य आहे, पण तो चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला लागू पडतो. पाणी उष्णता हवेपेक्षा वीसपटींहून अधिक वेगाने वाहून नेते, त्यामुळे घामाने भिजलेला सुती बनियन हा थंडीत शत्रूच. पण मोटरसायकलस्वार पायडल मारत नाही. तो जवळजवळ स्थिर बसून असतो, म्हणून त्याचे शरीर उष्णताही कमी तयार करते आणि घामही. ठिकाणावर पोचल्यावर चेन उघडली की काम झाले. फार वेळा चढ-उतार करून घरोघरी दूध घालणाऱ्याने मात्र आत सुती कपड्याऐवजी लोकरीचा थर ठेवावा, कारण लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब राखते. दुसरा सल्ला नेहमी कानी येतो: गाडी हळू चालवा, थंडी आपोआप कमी वाजेल. उघड्या त्वचेपुरते यात फारसे तथ्य नाही. त्याच सूत्रानुसार दहा अंश तापमानात वेग 60 वरून 40 वर आणला तरी जाणवणाऱ्या थंडीत जेमतेम एका अंशाचा फरक पडतो, आणि रस्त्यावरचा वेळ मात्र दीडपट होतो. कपड्यांच्या बाबतीत हिशेब बदलतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 60 ऐवजी 40 ने गेल्यास स्वेटरवरचा दाब निम्म्याहून कमी. ज्याच्याकडे वारा अडवणारे काहीच नाही, त्याला हळू चालवण्याचा खरा फायदा होतो.

ही सारी चर्चा सुखसोयीची वाटत असेल, तर बोटांचा विचार करावा. गारठा वाढला की शरीर हृदय-मेंदूची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. बोटे आधी दुखतात, मग बधिर होतात, आणि ब्रेक-क्लचचे काम याच बोटांवर सोपवलेले असते. ताशी 60 वेगाने गाडी एका सेकंदात सतराएक मीटर जाते. बधिर बोटांना ब्रेक आवळायला अर्धा सेकंद उशीर झाला तरी गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते, आणि धुक्यातल्या उसाच्या ट्रॉलीचे मागचे टोक तेवढ्याच अंतरावर असू शकते. यावर जाडजूड हातमोजे हा अर्धाच उपाय, कारण त्यांतून लिव्हरचा अंदाज येत नाही, आणि मोजे घट्ट असतील तर रक्त आणखी अडते. त्यापेक्षा हँडललाच दोन्ही बाजूंनी जाड कापडाची किंवा रेक्झिनची पिशवीसारखी कव्हरे बसवावीत आणि आत साधे मोजे घालून हात घालावा. ती दिसायला बेंगरूळ आहेत, हे मान्य. हात मात्र लवकर आत-बाहेर होतो ना, हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. छाती-पोट गरम असेल तर शरीर बोटांकडे रक्त सोडायला तयार होते, म्हणजे रेनकोट हा अर्धा हातमोजाच आहे.

मानेशी थोडे थांबायला हवे. मफलर उत्तम, पण त्याची टोके कपड्याच्या आत खोचलेली हवीत. मागे लोंबणारा मफलर किंवा ओढणी चेनमध्ये किंवा मागच्या चाकात गेली तर गळ्याला फास बसतो. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट वाऱ्याला चांगले अडवते, मात्र त्याच्याखाली जाड कानटोपी कोंबली की हेल्मेट सैल बसते आणि पडल्यावर निसटते. थंडीवर ‘दोन घोट’ हा उपाय सुचवणारे महाभाग गावोगावी भेटतात. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, गरम वाटते आणि शरीराची खरी ऊब त्याच वाटेने निघून जाते. पोलिसांचा विषय वेगळाच. टपरीवरचा चहा मात्र चालेल, कारण तेवढ्यापुरता वारा थांबतो आणि गरम पेल्याभोवती बोटे शेकतात. सायलेन्सरवर हात शेकू नयेत. बधिर हाताला चटका उशिरा कळतो.

‘इतकी वर्षे काढली की अशीच’ हे उत्तर पिकल्या केसांचे स्वार देतात आणि त्यात तथ्य आहे, सरावाने माणूस बरेच सोसतो. पण टाकीवर पुढे बसवलेले चार वर्षांचे मूल काहीच सरावलेले नसते. सगळा वारा आधी त्याच्या अंगावर येतो आणि लहान शरीराची ऊब मोठ्यापेक्षा लवकर जाते. बाप काचेमागे बसल्यासारखा मुलामागे बसतो, हे दृश्य दर हिवाळ्यात शाळांच्या दारात दिसते. केंद्र सरकारच्या 2022 च्या नियमानुसार चार वर्षांपर्यंतच्या मुलाला पट्ट्याने बांधून, हेल्मेट घालून आणि वेग ताशी 40 च्या आत ठेवून न्यायचे असते. त्याला मागे बसवावे, तेही अंगात वारा अडवणारे काही घालून. मोठ्यांनी रविवारी माळ्यावरून रेनकोट खाली काढावा, आणि तो काळा असेल तर पाठीवर चमकणारी पट्टी चिकटवून घ्यावी. पहाटेच्या धुक्यात मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला काळा रेनकोट दिसत नाही.