'आय नो' म्हणजे साबेर की कोनोसेर?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका मुलीने विचारलं होतं, "सर, इंग्रजी-स्पॅनिश कोशात एका 'नो'पुढे दोन क्रियापदं आहेत, साबेर आणि कोनोसेर. निवडायचं कसं?" (हा 'नो' नकाराचा नव्हे, 'आय नो'मधला.) तेव्हा वेळ संपली होती, म्हणून आज त्याबद्दलच बोलू.

निवृत्तीनंतर उनामुनो मुळातून वाचावा म्हणून आम्ही स्पॅनिश शिकायला बसलो. एकदा शिकवणाऱ्या बाईंना सांगायचं होतं, 'तुमच्या भावाला मी ओळखतो.' वाक्य डोक्यात इंग्रजीतून तयार झालं आणि आम्ही 'साबेर' लावून मोकळे झालो. बाई हसू लागल्या. उभा जन्म ज्ञानमीमांसा शिकवण्यात गेला आणि अडलो कुठे, तर 'जाणणे' या क्रियापदावर!

बर्ट्रंड रसेल यांनी १९१२ सालच्या 'द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी'मध्ये नेमका हा भेद केला आहे. अमुक गोष्ट खरी आहे हे जाणणं वेगळं, आणि एखाद्या गोष्टीशी थेट परिचय असणं वेगळं. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, म्हणून त्यांना फ्रेंच आणि जर्मनमधल्या जोड्यांकडे बोट दाखवावं लागलं. स्पॅनिशमधली जोडी त्याच धाटणीची आहे. माहिती असेल तर साबेर. माणूस, गाव, पुस्तक यांच्याशी परिचय असेल तर कोनोसेर. एखादं गाणं 'कोनोसेर' म्हणजे ते ओळखीचं आहे, आणि तेच गाणं 'साबेर' म्हणजे ते पाठ आहे. डेल्फीच्या मंदिरावरचं 'स्वतःला ओळख' हे वचन स्पॅनिशमध्ये कोनोसेरने सांगतात. सॉक्रेटिसच्या नावावर चालणारं अज्ञानाचं वाक्य मात्र साबेरने.

आता आपल्या मराठीकडे बघा. 'मला पत्ता माहीत आहे', 'मी तिला ओळखतो', 'मला पोहता येतं' ही तीन वाक्यं आपण तीन क्रियापदांनी बोलतो, आणि इंग्रजीत तिन्हीकडे 'नो' चालतो. म्हणून आमचं सांगणं असं, की इंग्रजी वाक्य आधी मनात मराठीत म्हणून बघावं. माहीत असणं आलं तर साबेर, ओळखणं आलं तर कोनोसेर. पोहण्यालाही साबेरच, पण पुढे मूळ क्रियापद: 'से नादार', मला पोहता येतं. गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली 'द कन्सेप्ट ऑफ माइंड'मध्ये माहिती आणि कौशल्य यांची जी फारकत केली, ती स्पॅनिशमध्ये क्रियापद बदलून दिसत नाही. पुढे काय येतं त्यावरून कळते.

पण मराठीही फसवते बरं का! हात दुखतोय म्हणून 'आज पोहता येणार नाही' म्हटलं, तर तिथे साबेर नाही. तिथे 'शकणे'वालं पोदेर लागतं. 'मी त्याला गर्दीत ओळखलं' इथे रेकोनोसेर. आणि 'माद्रिद माहीत आहे का?' असं विचारताना, माहीत असणं आलं म्हणून साबेर लावाल तर चुकाल. शहराला कोनोसेर, आणि त्यात बहुतेक वेळा 'तिथे जाऊन आलात का?' हे विचारलेलं असतं.

खरी मेख भूतकाळात आहे. स्पॅनिशमध्ये भूतकाळ दोन. 'साबीआ' म्हणजे माहीत होतं; 'सूपे' म्हणजे मला कळलं. 'ला कोनोसीआ', मी तिला ओळखत होतो. 'ला कोनोसी', तिची-माझी ओळख झाली. आपण जिथे शब्द बदलतो, तिथे ते काळ बदलतात. आणि इंग्रजीतला 'न्यू' या सगळ्यावर एकच पांघरूण घालतो.

याने काय बिघडतं? समजा, अमेरिकेतल्या एखाद्या न्यायालयात चोरीचा फोन विकत घेतल्याचा खटला चालू आहे. आरोपी फक्त स्पॅनिश बोलतो, मधे दुभाषी. वकील इंग्रजीत विचारतो, फोन चोरीचा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं का? दुभाष्याने 'साबीआ' वापरलं, तर प्रश्न होतो: घेतानाच माहीत होतं का? 'सूपो' वापरलं, तर: तुम्हाला ते कळलं का? ज्याला पोलीस दारात आल्यावर पहिल्यांदा कळलं, तो निरपराध माणूसही या दुसऱ्या प्रश्नाला 'हो'च म्हणणार. उलट दिशेनेही तेच. तो म्हणतो 'लो सूपे', मला ते कळलं. कधी, ते अजून सांगायचं आहे. दुभाषी घाईत म्हणतो, 'आय न्यू इट'. तिथे 'आय फाउंड आउट' म्हणायला हवं होतं. कारण एव्हाना त्या माणसाने न दिलेली कबुली लिहून घेतली गेलेली असते.