छायाचित्र आणि साहित्यपंक्ती : अजिंठ्याच्या संदर्भात

वास्तूच्या छायाचित्राशेजारी साहित्यातील ओळ देण्याची पद्धत महाविद्यालयीन भित्तिपत्रकांत व वार्षिकांकांत रूढ आहे. अशा जोडणीत ओळीचे कार्य कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. तत्पूर्वी १८६४ मध्ये लेण्यांची त्यांनी घेतलेली ७४ छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. त्या ग्रंथातील मजकूर स्थापत्य समजावून देतो. ना. धों. महानोर यांची 'अजिंठा' ही दीर्घकविता मात्र गिल व पारो यांच्या नात्याकडे वळते. छायाचित्रात स्तंभ दिसतो, नाते दिसत नाही. चित्रात नसलेले पुरविते तीच ओळ सार्थ होय. दिसणारेच पुन्हा सांगणारी ओळ केवळ अलंकरण ठरते.

तथापि, छायाचित्राच्या सान्निध्यात कविकल्पनेलाही पुराव्याचे रूप येते. अजिंठा गावातील पारोची कबर हा पुरावा आहे. कवितेतील तिचे भावविश्व ही कविनिर्मिती आहे. म्हणून चित्राखाली स्थळ, दिनांक व छायाचित्रकार, तर ओळीखाली लेखक, साहित्यप्रकार व प्रकाशनवर्ष नोंदविणे आवश्यक आहे.

जळकोट परिसरातील अध्यापकांना उदगीरचा किल्ला जवळचा आहे. आजच्या बुरुजाचे छायाचित्र १७६० ची उदगीरची लढाई दाखवीत नाही. त्याखाली बखरीतील एक व कादंबरीतील एक वाक्य ठेवल्यास इतिहास, आख्यान व कल्पित यांतील भेद विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविता येईल.