पेटीची किल्ली कोणाकडे?

गाऱ्हाणे हा शब्द आम्हां किनारपट्टीवरच्या लोकांना नवा नाही. देवळात गाऱ्हाणे घातले जाते ते चारचौघांसमक्ष, खणखणीत आवाजात. घालणाऱ्यास कोणाचे भय नसते. तुरुंगातील गाऱ्हाण्याची रीत उलटी आहे. ज्याच्याविरुद्ध ते असते, बहुधा त्याच्याच हातून ते पुढे जायचे असते.

१९७९ साली तिहार तुरुंगातील सुनील बत्रा या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींस पत्र लिहिले. बत्रा स्वतः फाशीच्या छायेत होता, परंतु पत्र स्वतःसाठी नव्हते. दुसऱ्या एका बंद्याच्या नातलगांकडून पैसे उकळता यावेत म्हणून मुख्य वॉर्डरने त्या बंद्याचा अमानुष छळ केला, अशी ती तक्रार होती. न्यायालयाने पत्रासच याचिका मानले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्या. कृष्ण अय्यर यांनी निकालपत्रात आदेश दिला, की जिल्हा दंडाधिकारी व सत्र न्यायाधीश यांनी तुरुंगांस भेटी द्याव्यात, त्यांच्या हुकमाने तेथे तक्रारपेट्या ठेवाव्यात, त्या वरचेवर उघडाव्यात आणि योग्य ती कारवाई करावी. पुढे बंगळूरच्या कारागृहातील एका कैद्याच्या पत्रावरून १९९६ साली निकाल देताना त्याच न्यायालयास तक्रारपेटीचा विचार करा असे पुन्हा सांगावे लागले. मधल्या सतरा वर्षांत काय झाले, हे यावरून ओळखावे.

पेटी टांगणे सोपे आहे. लोहारास सांगितले की होते. तिच्यात चिठ्ठी टाकावयास उठणारा माणूस मात्र साऱ्या बराकीस दिसतो. ज्याला लिहिता येत नाही त्याला दुसऱ्याकडून लिहवून घ्यावे लागते, म्हणजे गुपित तेथेच फुटते. आमच्या गोव्याच्या तुरुंगात परप्रांतीय व परदेशी बंदीही असतात. त्यांच्या भाषेचा प्रश्न वेगळाच. त्यावर कडी म्हणजे १८९४ चा कारागृह अधिनियम. त्याच्या ४५ व्या कलमाप्रमाणे अधिकाऱ्यावर बुद्ध्या खोटा आरोप करणे हा तुरुंगातील गुन्हा ठरतो, आणि पुढील कलमान्वये त्याची चौकशी करून शिक्षा देण्याचा अधिकार अधीक्षकाचा. आरोप खरा की खोटा हे ज्यांच्या खात्यावर आरोप आहे त्यांनीच ठरवावयाचे, तर शहाणा कैदी तोंड मिटून बसेल यात नवल ते काय?

मुंबईच्या भायखळा महिला कारागृहात २०१७ च्या जूनमध्ये न्याहारीच्या अंड्या-पावांच्या हिशेबावरून झालेल्या मारहाणीत एका बंदी स्त्रीचा मृत्यू झाल्याचा आरोप झाला. सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा नोंदला गेला. त्याचबरोबर निषेध करणाऱ्या सुमारे दोनशे बंदी स्त्रियांवर दंगलीचाही! ज्यांना दाद मागावयास दुसरे दार नव्हते, त्यांचा आक्रोश दंगल ठरला.

वॉर्डरास राक्षस ठरवून आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशातील तुरुंगांत क्षमतेच्या १३१ टक्के बंदी होते, आणि कर्मचाऱ्यांची सुमारे तीस टक्के पदे रिकामी. म्हणजे दोघांचे काम एकाने करावयाचे. रजा नाकारली, घर मिळाले नाही, वरिष्ठाने अपमान केला, तर हा माणूस कोणाकडे जाणार? न्या. मुल्ला समितीने १९८३ च्या अहवालात कैद्यांबरोबर नोकरवर्गाच्याही सेवाशर्तींचा विचार केला होता. वरून खाल्लेला मार खाली उतरतो, आणि तुरुंगात सर्वांत खाली कैदीच असतो.

केंद्राने २०२३ साली नवा आदर्श कायदा राज्यांकडे धाडला. कायदा कोणताही असो, आमची मागणी साधी आहे. पेटीची किल्ली तुरुंगात राहू नये, ती सत्र न्यायालयाच्या ताब्यात असावी. प्रत्येक चिठ्ठीस क्रमांक द्यावा व निर्णय लेखी कळवावा. निरक्षरासाठी विधिसेवा प्राधिकरणाच्या वकिलाने ठरल्या वारी बराकीत जाऊन बसावे, आणि वॉर्डरांसाठीही अशीच एक पेटी असावी. पेटी शेवटची कोणत्या तारखेस उघडली, हे तेवढे सरकारने दर तीन महिन्यांनी विधानसभेपुढे ठेवावे.