हरिहरेश्वरची सहल : आधी तिथी पाहा, मग गाडी ठरवा

सुट्ट्या लागल्या की आम्हा डॉक्टरांकडे एक प्रश्न हमखास येतो. ‘डॉक्टर, हरिहरेश्वरला निघालोय. बरोबर कोणकोणत्या गोळ्या घेऊ?’ प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर लेखाच्या शेवटी दिले आहे. परंतु गोळ्या ही तयारीतली शेवटची गोष्ट झाली. त्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत, ते मात्र फारसे कुणी विचारत नाही. त्या दिवशी तिथी कोणती? आणि बरोबर येणाऱ्यांत सर्वांत नाजूक प्रकृतीचे कोण? या दोन उत्तरांवर सहलीचा कार्यक्रम बेतला, तर बऱ्याचशा गोळ्या पाकीट न फोडताच घरी परत येतात.

रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यातले हे क्षेत्र ‘दक्षिण काशी’ म्हणून प्रसिद्ध आहे. हरिहरेश्वर, हर्षिणाचल, ब्रह्माद्री आणि पुष्पाद्री अशा चार टेकड्यांच्या कुशीत ते वसले आहे. आधी काळभैरवाचे दर्शन, मग हरिहरेश्वराचे आणि पुन्हा काळभैरवाचे, अशी येथील रीत. आपल्याकडच्या, म्हणजे घाटावरच्या, पुष्कळ घराण्यांचे हे कुलदैवत आहे. त्यामुळे येथे जाणारी गाडी सहसा तीन पिढ्यांची असते. गुडघे दुखणारी आजी, मधुमेहाचे आजोबा, तीन वर्षांचे नातवंड आणि समुद्र पाहताच पाण्याकडे धाव घेणारी तरुण मंडळी, सारे एकाच गाडीत. कार्यक्रम ठरवतात मात्र शेवटची!

एका दिवसात जाऊन येऊ नका

साताऱ्याहून महाबळेश्वर, पोलादपूर, महाडमार्गे हरिहरेश्वर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. घाटरस्ता धरून पाच-सहा तास सहज लागतात. म्हणजे जाऊन-येऊन अकरा-बारा तास गाडीतच गेले. पहाटे तीनला उठलेला चालक रात्री नऊला आंबेनळी घाट चढत असतो, ही गोष्ट कोणत्याही रोगापेक्षा धोक्याची आहे. एक मुक्काम कराच. मुक्काम शक्य नसेल तर दोन चालक ठेवा आणि परतीचा घाट उजेडी चढा.

घाटात गाडी लागणाऱ्यांनी रिकाम्या पोटी निघू नये आणि भरल्या पोटीही निघू नये. दोन पोळ्या किंवा थोडे पोहे पुरेत. तेलकट वडे घाट उतरल्यावर खावेत. मुलांना शक्य तितके पुढच्या बाजूस बसवून दूरवर पाहायला सांगावे. पुस्तक आणि मोबाईल बंद. आलेपाकाची वडी काहींना उपयोगी पडते. उलटीची गोळी निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यावी. लहान मुलांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. या गोळीने झोप येते. म्हणून चालकाने ती कदापि घेऊ नये.

भरती-ओहोटीचे गणित

आपण घाटावरची माणसे नदीत पोहायला शिकलेली असतो. नदीचे पाणी एका दिशेने वाहते. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते, आणि प्रत्येक दिवशी ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणूनच ‘गेल्या रविवारी आम्ही याच वेळी गेलो होतो’ हे शेजाऱ्याचे बोलणे या रविवारी निरुपयोगी ठरते.

कोकणातील जुन्या माणसांचे एक सोपे गणित आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे पूर्ण भरती सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. म्हणजे अष्टमीला ओहोटी भर दुपारी बारानंतर आणि पौर्णिमेला संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. दुसरी गोष्ट, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते. पाणी खूप चढते आणि खूप उतरतेही. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही, तसे फार ओसरतही नाही.

हे गणित ढोबळ आहे. त्यावर कार्यक्रमाचा आराखडा करावा. पाण्याजवळ जाताना मात्र त्या दिवशीची वेळ देवळापाशी किंवा गावातल्या कोळीबांधवांना विचारूनच पाऊल टाकावे.

प्रदक्षिणा : श्रद्धा आणि सावधगिरी

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा डोंगराला वळसा घालून समुद्राच्या काठाने जाते. सुरुवातीला पायऱ्यांचा चढ, मग खडकाच्या अरुंद फटीतून खाली उतरणाऱ्या पायऱ्या आणि पुढे लाटांनी जाळीदार कोरलेले खडक. दृश्य अपूर्व आहे. पण ही वाट फक्त ओहोटीच्या वेळीच मोकळी असते. भरती लागली की पाणी वाटेवर येते. मागे डोंगराचा कडा आणि पुढे समुद्र, अशी अवस्था होते. खडकाच्या टोकावर फोटोसाठी उभ्या राहिलेल्यांना लाटेने ओढून नेल्याच्या दुर्घटना येथे घडलेल्या आहेत.

नियम साधा आहे. पाणी उतरत असताना निघावे आणि ते पुन्हा चढू लागण्यापूर्वी परत यावे. पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघालात तर रमतगमत फिरूनही वेळ हाती राहतो. समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये. खडक ओला आणि हिरवट दिसला की तेथे शेवाळ आहे असे समजावे. पायात घट्ट बसणारे, पकड असणारे बूट किंवा पट्ट्याच्या चपला असाव्यात. कालवांच्या कवचाने पाय कापला तर जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवून धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल डॉक्टरांना विचारावे. पावसाळ्यात या वाटेला जाऊच नये.

घरातील वडीलधाऱ्यांची अडचण मी जाणतो. ‘एवढ्या लांब आलो आणि प्रदक्षिणा राहिली तर?’ असे आजी म्हणतात आणि मुलगा-सून त्यांचे मन मोडू शकत नाहीत. गुडघ्याचे दुखणे, चालताना छातीत दुखणे, दम लागणे, चक्कर येणे यांपैकी काहीही असेल तर ही प्रदक्षिणा करू नये. देवळाभोवती प्रदक्षिणा घालून हात जोडावेत. ज्या वाटेवर समुद्र स्वतः दिवसातून दोनदा माणसांना मज्जाव करतो, तेथे डॉक्टरांनी एकदा केला तर देव रागावणार नाही. हे आजींना घरूनच सांगून ठेवावे. देवळाच्या पायरीवर वाद घालू नये.

पाण्यात उतरताना

याच रायगड जिल्ह्यात, मुरूडच्या किनाऱ्यावर, १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. महिना पावसाळ्याचा नव्हता, हे लक्षात घ्या. शांत दिसणारा समुद्रही आत ओढतो.

गावकरी ‘येथे उतरू नका’ म्हणतील तेथे उतरू नये. गुडघ्याच्या वर पाणी नको. ओहोटी सुरू असताना पाण्यात जाऊ नये, अंधार पडल्यावर नको आणि मद्य घेतलेल्याने तर पाण्याजवळही जाऊ नये. दर दोन मुलांमागे एका मोठ्या माणसाने फक्त लक्ष ठेवण्याचे काम करावे. ‘सगळे आहेत ना’ म्हणजे कुणीच नाही. प्रवाहाने ओढले तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. दम जातो. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे, ते जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा.

कुणी बुडत असेल तर पोहता न येणाऱ्याने उडी मारू नये. दोरी, ट्यूब, रिकामा प्लॅस्टिकचा कॅन, धोतर, साडी, जे असेल ते फेकावे. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, गरगर फिरवणे किंवा पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार आजही चालतात. ते घातक आहेत. पोटातले अन्न श्वासनलिकेत जाते आणि मोलाची मिनिटे वाया जातात. श्वास थांबला असेल तर उताणे झोपवून तोंड साफ करावे, डोके मागे करून, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच वेळा श्वास द्यावा. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी ३० वेळा जोराने, भरभर दाबावे आणि २ श्वास द्यावेत. मदत येईपर्यंत हेच चालू ठेवावे. दरम्यान दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. माणूस शुद्धीवर येऊन बोलू लागला तरी त्याला रुग्णालयात न्यावेच. फुप्फुसांना काही तासांनी सूज येऊ शकते.

आजूबाजूच्या सहली

मुक्काम केला की मंडळी आसपासची ठिकाणे जोडू पाहतात. माझा सल्ला : एका दिवसात एकच. पेशव्यांचे मूळ गाव श्रीवर्धन जवळ आहे, किनाराही लांबरुंद आहे. लहान मुलांसह संध्याकाळ घालवायला उत्तम. बागमांडल्याहून फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडून वेसवीला उतरता येते. गाडीसकट जाता येत असल्याने आजींना चढ-उतार करावा लागत नाही. तेथून जवळच वेळास गावी फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात. पहाटे किंवा संध्याकाळी हा सोहळा होतो, त्यामुळे उन्हाचाही त्रास नाही. जंजिरा किल्ला मात्र हलत्या बोटीतून चढण्या-उतरण्याचा आहे. गुडघेदुखीवाल्यांना आणि तान्ह्या बाळांना तो मानवत नाही.

बोट ठरवताना भाड्याआधी एक गोष्ट विचारा : माणशी एक जीवरक्षक जाकीट आहे का, आणि मुलांच्या मापाचे आहे का? नसेल तर बोट सोडून द्या. शक्यतो सकाळची फेरी घ्या, दुपारनंतर वारा वाढतो.

आणखी एक. सगळ्या सहलींचे पैसे घरूनच भरून टाकू नका. ‘पैसे भरलेत’ म्हणून तापलेल्या मुलाला उन्हात बोटीवर नेलेले पालक मी पाहिले आहेत. एखादे ठिकाण हसत रद्द करता येईल एवढी मोकळीक कार्यक्रमात असावी.

राहण्याची जागा ठरवताना तीन गोष्टी विचाराव्यात. खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का आणि पिण्याचे पाणी उकळलेले मिळेल का? कोकणातील घरगुती खाणावळीत जेवण आधी सांगून ठेवावे लागते. ही आरोग्याच्या दृष्टीने सोयच आहे. अन्न ताजे व गरम मिळते, वेळ ठरते आणि मधुमेह, रक्तदाब किंवा कमी तिखटाची सूचनाही देता येते. उकडीचे मोदक जरूर खावेत; मधुमेह्यांनी एकावर थांबावे. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेऊन जेवणाची वाट पाहत बसू नये. घाम, थरथर, गरगरणे जाणवताच साखर खावी. इन्सुलिन बंद गाडीत उन्हात ठेवू नये.

दंश आणि डंख

जेलीफिशचा डंख झाला तर चोळू नये, वाळू लावू नये; समुद्राच्याच पाण्याने धुवावे. नंतर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवल्यास वेदना कमी होतात. पाकट माशाचा काटा लागला तरी गरम पाणी उपयोगी पडते, पण जखम डॉक्टरांना दाखवावीच.

कोकणातील लाल विंचू हृदयावर परिणाम करतो, मुलांना विशेष धोका असतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७६ पासून बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना या दंशाचा अभ्यास केला आणि प्राझोसिन या औषधाने असंख्य जीव वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उपचार आहे, तो वेळेवर मिळायला हवा. दंशानंतर घाम, उलट्या, हातपाय गार पडणे दिसले तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता जवळचे आरोग्य केंद्र गाठावे. साप चावल्यास आवळून बांधू नये, कापू नये. तो अवयव न हलवता रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

बरोबर न्यायची पिशवी

रोजची औषधे, दोन दिवस जास्तीची, आणि त्यांची चिठ्ठी. तापासाठी पॅरासिटामॉल. उलटीच्या गोळ्या. जलसंजीवनीची सहा पाकिटे. ती संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चमचा चहाचा) घालून घरचे पाणी करावे. जंतुनाशक मलम, पट्टी, कापूस, बॅटरी, टोप्या, साखरेच्या गोळ्या. शिवाय एका कागदावर प्रत्येकाचे वय, आजार आणि औषधे लिहून तो चालकाजवळ द्यावा.

आता पंचांग उघडा. पौर्णिमेचा दिवस असेल तर सकाळी दर्शन, दुपारी जेवण व झोप, चारनंतर धडधाकट मंडळींची प्रदक्षिणा आणि आजी-आजोबा किनाऱ्यावर नातवंडांसह वाळूत. अष्टमीचा असेल तर साडेदहाला टोपी घालून, पाणी घेऊन निघावे. वाटेवर अजून पाणी दिसले तर मुकाट्याने परत फिरावे. समुद्र पुढच्या सुट्टीतही तेथेच असणार आहे. आपली सगळी माणसेही तेव्हा गाडीत असावीत, एवढीच खबरदारी आपल्या हाती आहे.