मुलाखतकाराचा हक्क कोठवर?

२०१६ साली आत्मचरित्राच्या निमित्ताने झालेल्या मुलाखतीत, टेनिसच्या दुहेरीत जागतिक अग्रस्थानी असलेल्या सानिया मिर्झा यांना पत्रकार राजदीप सरदेसाई यांनी ‘स्थिरस्थावर होण्याचे, मातृत्वाचे काय’ अशा आशयाचा प्रश्न केला, तेव्हा एवढी अजिंक्यपदे मिळवूनही स्त्रीला हेच विचारले जाते, असे सानिया यांनी सुनावले आणि सरदेसायांनी (हे त्यांच्या खाती जमा धरलेच पाहिजे) तेथल्या तेथे माफी मागितली.

मुलाखत म्हणजे काही कोर्टातील साक्ष नव्हे की जाब देणे बंधनकारक असावे; सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात विवाह, मातृत्व, अपत्ये यांविषयीचा खासगीपणा मान्य केला, मात्र सरकारी दप्तरी नमूद असलेली किंवा स्वतःहून वादात ओढलेली बाब त्यातून वगळली. म्हणूनच आपल्या लग्नाची छायाचित्रे विकणाऱ्या नटाने त्याच लग्नाविषयीच्या प्रश्नावर संतापावे, हे मला पटत नाही. ‘उत्तर देणार नाही’ एवढे म्हणणे पुरेसे सभ्य आहे.